सॉल्टमार्शचा सातवा अल्बम

अल्बम लॉरेन पास्कला खटकत होता, पण नेमकं काय खटकतंय ते तिला सांगता येत नव्हतं. आठ महिने ती आणि क्लाइव्ह ऑटवे चेल्म्सफर्डच्या स्टुडिओत खपले होते. मधली वीस वर्षं 'सॉल्टमार्श' बँडने चित्रपटांना संगीत दिलं, खुर्च्यांवर बसलेल्या लोकांसमोर वाजवलं. पन्नाशी उलटल्यावर दोघांनी ठरवलं, पुन्हा मुळाशी जायचं. एसेक्सच्या शेतांत आणि रिकाम्या गोदामांत, पोलीस येईपर्यंत नाच चालणाऱ्या रेव्ह पार्ट्यांकडे, जिथे त्यांनी सुरुवात केली होती. क्लाइव्हने नव्वद सालची दोन ड्रम मशिनं हुडकून आणली. आवाज हुबेहूब जमले. रेकॉर्ड कंपनीची माणसं खूश होती.

"मग तुझंच तोंड का वाकडं?" क्लाइव्हने विचारलं.

"एरलला ऐकवू या."

"एरलला? तो माणसाला चांगलं म्हणतो ते मेल्यावर!"

एरल बेकफर्ड सुतार. त्यांचे पहिले स्पीकर त्यानेच बांधले होते, वडिलांनी जमैकाहून आणलेल्या पद्धतीने, माणसाएवढे उंच. आता सहासष्ट वर्षांचा होता आणि ब्रेनट्रीला त्याचा कारखाना होता. रविवारी दुपारी दोघं गेले, तेव्हा त्याने स्पीकरवरची ताडपत्री ओढली, भुसा झटकला आणि गाणी लावली. तीन गाणी तो स्पीकरच्या लाकडावर तळहात टेकवून उभा राहिला.

"सुबक आहे," तो म्हणाला. "यावर नाचलं कोण?"

"अजून बाहेर कुठे आलाय?" क्लाइव्ह म्हणाला.

"तेव्हा तरी काय बाहेर आलेलं असायचं? आधी लोक नाचायचे, मग तुम्ही घरी जाऊन गाणं पुरं करायचात. ही पोरगी तर दर आठवड्याला गाणं मोडून नवं करायची."

"अरे, आवाज तेच आहेत, यंत्रंसुद्धा तीच आहेत!"

"यंत्रं तीच आहेत रे. पण वाजवलंयत तुम्ही भिंतीकडे तोंड करून."

परतीच्या वाटेवर क्लाइव्ह धुसफुसत होता. लॉरेनला एरलचं बोलणं लागलं होतं, कारण ते खरं होतं. त्या काळी ती यंत्रांकडे बघायचीच नाही. बोटं आपली आपण फिरायची, डोळे लोकांच्या पायांवर असायचे. पाय जड झाले की ठेका सुटा करायचा, पाय उतावीळ झाले की खर्ज आणखी थोडा रोखून धरायचा. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, आणि ते कधी सुटलं हेही कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने एरलला फोन करून विचारलं, लोकांसमोर कुठे वाजवता येईल?

"शनिवारी बेव्हरलीची साठी आहे," तो म्हणाला. "चर्चचा हॉल घेतलाय, दुपारी तीन वाजता. यंत्रं घेऊन ये. पण माझ्या बायकोचा वाढदिवस नासवलास तर बघ हं पोरी!"

हॉलमध्ये साठेक माणसं होती. बेव्हरलीबरोबर इस्पितळात नोकरी केलेल्या परिचारिका, त्यांचे नवरे, नातवंडं. मटणाचा रस्सा आणि राजमा घातलेला भात चालला होता. क्लाइव्ह हाताची घडी घालून चहाच्या टेबलापाशी उभा राहिला. लॉरेनने पहिलं गाणं सुरू केलं. कुणी हललं नाही.

"अगं बाई, जरा दमानं!" जांभळ्या टोपीतली एक बाई ओरडली. "जेवण तरी उतरू दे खाली!"

सगळे हसले. लॉरेनही हसली, आणि तिने गाण्याची चाल काढून टाकली. ती चाल बसवायला क्लाइव्हने दोन महिने घालवले होते. उरला नुसता ठेका आणि खर्ज. तोही तिने संथ केला. जांभळ्या टोपीवालीची काठी जमिनीवर वाजू लागली. बेव्हरलीने तिला हात धरून उठवलं. मग एक टेबल उठलं, मग दुसरं. लॉरेन ठेका लांबवत गेली. मंडळी दमलीशी वाटली तेव्हा तिने सगळं थांबवलं. लोक हसत, धापा टाकत तिच्याकडे बघत राहिले. पुरेसं ताटकळवून तिने खर्ज परत सोडला, तेव्हा हॉलमध्ये एकच ओरडा झाला.

क्लाइव्ह कधी शेजारी येऊन उभा राहिला, तिला कळलं नाही.

"तो निळ्या शर्टवाला थकलाय," तो पुटपुटला आणि त्याने एक बटण हलकेच फिरवलं. एकच गाणं चाळीस मिनिटं चाललं.

त्यानंतर अल्बममधल्या नऊ गाण्यांपैकी चार त्यांनी मोडून पुन्हा बांधली, तीही लोकांसमोर, मिळेल त्या हॉलमध्ये. दोन गाण्यांवरून कडाक्याचं भांडण झालं. क्लाइव्हने ती सोडली नाहीत, आणि ती होती तशीच राहिली. लॉरेन आजही ती दोन गाणी ऐकत नाही. कंपनीचा माणूस म्हणाला, हे फारच संथ झालंय. एका समीक्षकाने लिहिलं, म्हातारे दमले. अल्बम बेताचाच खपला.

पण इप्सविचच्या एका शेडमध्ये दुपारी वाजवलं, तेव्हा चारशे लोक आले, आणि शेवटपर्यंत कुणी बसलं नाही. नंतर दोघं बाहेरच्या कठड्यावर चिप्स खात बसले होते.

"मला अजूनही आपला मोडण्याआधीचाच अल्बम आवडतो," क्लाइव्ह म्हणाला.

"माहीत आहे मला."

"रात्री ऐकतो मी घरी." त्याने बोटांवरचं मीठ पुसलं. "पण तो ऐकताना मी एकटाच असतो गं."

लॉरेनने उरलेल्या चिप्स त्याच्याकडे सरकवल्या. सहापर्यंत शेड रिकामी करून द्यायची होती, पण ती आणखी थोडा वेळ तिथेच बसून राहिली.