भिंगारच्या खोलीतलं पाणी

लंकाबाईने कळशी नळाखाली ठेवून तोटी फिरवली. थेंब नाही. तिने वाकून पाहिलं, तर भिंतीलगत पाइपच कापून त्यात लाकडाची गुट्टी ठोकलेली होती. भिंतीपलीकडे मालकांच्या मोरीत पाणी धो धो वाहत होतं.

"ओ मालक! नळाला काय केलं?"

राधाकृष्ण वरच्या गॅलरीत आले. लंकाबाई भाड्याने राहत होती ती खालची खोली त्यांना गोदामासाठी हवी होती.

"दुष्काळ हाय बाई. पानी पुरत न्हाई."

"तुमच्या मोरीत कसं पुरतं?"

"मग खोली सोडा. केडगावात लई खोल्या हायेत."

दाराआड त्यांची बायको बनुबाई उभी होती.

लंकाबाईचा नवरा सहादेव लष्कराच्या डेपोत कामाला होता. तो म्हणाला, "कशाला डोक्याला ताप? बगू दुसरीकडं."

"भाडं थकवलंय का आपन? मग मी का जाऊ?"

ती चौकीत गेली. हवालदार म्हणाला, कोर्टात जा. कोर्टातला कारकून म्हणाला, वकील आणा. वकिलांनी मात्र नीट ऐकून घेतलं.

"भाडेकरूचं पाणी मालकाला असं तोडता येत नाही. कायदाच आहे तसा. पण तारखा पडतील."

तारखा पडल्या. कधी साहेब रजेवर, कधी मालकांचे वकील आजारी. प्रत्येक वेळी बाजारातल्या सरकारी नळावर आधी रांग लावायची, दोन बायकांशी भांडायचं, घागरी घरी आणायच्या आणि मग नगरची वाट धरायची. परत आल्यावर ती चुलीपाशी भांडी आदळायची. सहादेव गुपचूप जेवून उठायचा.

अखेर हुकूम झाला. नळजोडणीवाल्याने पाइप सांधला. राधाकृष्ण शेजारी उभे होते.

"लई शिकलात तुमी," ते म्हणाले आणि चपला घालून बाहेर पडले.

पाणी आलं. लंकाबाईला आनंद असा झालाच नाही. एवढ्याशा कामाला एवढी पायपीट, याचाच संताप डोक्यात होता. साठलेलं सगळं धुणं काढून ती दगडावर आपटत बसली.

जिन्यावर पावलं वाजली. बनुबाई खाली आली होती.

"आता आनखी काय राह्यलं, मालकीनबाई?" लंकाबाई खेकसली.

बनुबाईने दरवाजाकडे एकदा वळून पाहिलं. पदर दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"तसं न्हाई. एक इचारायचं हुतं," ती हळू आवाजात म्हणाली. "बाई एकलीच गेली, तर ऐकून घेत्यात का तिथं?"

"कुटं?"

"कोर्टात."

लंकाबाईचा हात लुगडं पिळता पिळता थांबला. बनुबाईच्या मनगटाजवळचा काळानिळा डाग तिला आत्ता दिसला. तिने दगडावरचं धुणं बाजूला सारलं.

"घेत्यात," ती म्हणाली. "पन लई फिरवत्यात. बसा."