गादीखालचा पेपर

टप्.

परदेशातल्या गुंगालिन उपनगरात, त्या घरात दुपारी दोनला इतकं सामसूम असे, की तो थेंब थेट स्वयंपाकघरात ऐकू आला. पुढच्या खोलीत यतिन हेडफोन लावून सरकारी खात्याच्या मीटिंगमध्ये होता, चिन्मयी झोपली होती. बाहेर ऑगस्टची, म्हणजे इथल्या दक्षिण गोलार्धातल्या हिवाळ्याची थंडी, आणि लॉकडाऊनमुळे रिकामीच धावणारी लाइट रेल. ऋतिका पिठाच्या हातांनी तशीच चिन्मयीच्या खोलीत गेली.

चिन्मयी जागी होती. पांघरूण नाकापर्यंत.

"बाबांना सांगू नको," ती कुजबुजली. एरवी ही पोरगी इंग्लिशशिवाय तोंड उघडत नसे, पण गुपितं मात्र मराठीत. शाळेत कुणाला कळत नाहीत ना, म्हणून.

किंडी, म्हणजे तिची बालशाळा, बंद झाल्यापासून हे चौथ्यांदा. त्याआधी ओळीने तीस कोरड्या रात्री झाल्याबद्दल बाबांनी तिला सर्टिफिकेट दिलं होतं. घरीच छापलेलं, लॅमिनेट केलेलं. ते फ्रिजवर झळकत होतं, आणि आता ते परत द्यावं लागणार अशी पाच वर्षांच्या त्या जिवाची खात्री होती.

"नाही सांगणार. पिंकी प्रॉमिस." ऋतिकाने पिठाची करंगळी पुढे केली.

लेकीला धुवून, कोरडं करून, कार्टून लावून दिल्यावर तिने गादी उभी केली. खाली पुठ्ठा होता. त्याच्यावर आणखी एक पुठ्ठा, एका बाजूने चिंब. दोन्हींच्या मध्ये एक मोठा, तपकिरी, दोन सुट्या तावांचा चार पानी पेपर. बाल्टिमोर, सन १७९८.

"अरे देवा," ऋतिका म्हणाली.

लॉकडाऊनमध्ये लोक ब्रेड भाजायला शिकले. यतिनने अमेरिकेतले स्वातंत्र्यानंतरचे जुने पेपर आणि राजकीय चोपडी जमवायला घेतली. "दोन पक्ष एकमेकांना काय काय बोलतात, वाच तरी! आपल्या सदाशिव पेठेतल्या पाट्या यांच्यापुढे गोड वाटतील," असं म्हणून तो जेवताना शिव्या वाचून दाखवायचा. पण ऋतिका पडली केळीसुद्धा धुवून घेणारी. परदेशाहून आलेलं पार्सल गॅरेजमध्ये तीन दिवस एकटं बसवणारी. तिने यतिनकडून कबूल करून घेतलं होतं, की हे सगळं संपेपर्यंत अमेरिकेहून एकही पार्सल येणार नाही.

आणि हा आला होता. घडीच्या खुणा गेलेल्या नव्हत्या, म्हणून गादीखाली गेला होता. हॉस्टेलवर पँटींना इस्त्री अशीच करायचा तो. त्या दोघांच्या पलंगाला नुसत्या पट्ट्या, सलग फळी फक्त लेकीच्या पलंगाला.

शनिवारी सकाळी जुने पेपर जमवणाऱ्यांच्या क्लबची ऑनलाइन बैठक होती. यतिन तिथे पहिल्यांदाच काहीतरी दाखवणार होता. दोन दिवस बाथरूममध्ये त्याची इंग्लिशमध्ये कसली तालीम चाललीये, हे तिला आता कळलं.

आज गुरुवार. पेपर वाचवायला हवा होता. आणि तो कशाने भिजला हे यतिनला कळू द्यायचं नव्हतं. ऋतिकाने बाथरूमचं दार लावून पुण्याला फोन लावला. चित्रलेखामावशी हातकागदाच्या कारखान्यातून रिटायर झालेली. तिकडे साडेनऊचा चहा चालला होता.

"मावशी, सव्वादोनशे वर्षांचा कागद भिजलाय."

"कशाने गं?"

"चिनूने."

मावशी इतकी हसली की बशी खणखणली. "छापील ना? की हाताने लिहिलेला?"

"छापील."

"मग तेलाची शाई. हलायची नाही. आणि एवढा जुना म्हणजे चिंध्यांचा कागद, फाटके सदरे नि चादरी कुटून केलेला. अगं, तो कपडाच आहे. धुऊन टाक."

"धुऊन?"

"साबण नको. गार पाणी. चोळायचं नाही, पिळायचं नाही. खाली कापड धर आणि कापडासकट उचल. नुसता हातात उचललास, तर कुणी सांगितलं ते विसर."

चिन्मयीला जन्मल्यावर ज्यात गुंडाळायचे ते मलमलचं मोठं दुपटं ऋतिकाने कपाटातून काढलं. पेपर त्याच्यावर ठेवून टबात सोडला. पाणी चहासारखं पिवळं झालं. तीनदा पाणी बदललं. ती श्वास रोखून बघत होती, पण एक अक्षर हललं नाही. शेवटच्या पानावर अंगठ्याएवढं चित्र होतं, गाठोडं घेऊन चाललेली एक बाई. खाली जाहिरात: पंचविशीची, सावळी, बोलताना खाली बघते. सोबत पाच वर्षांची मुलगी नेली आहे. पकडून देणाऱ्यास बक्षीस.

ऋतिकाने ती दोनदा वाचली. मग पेपर दुसऱ्या दुपट्यात झाकून चादरी-टॉवेलांच्या कपाटात, सगळ्यात वरती, आडवा ठेवला.

साडेतीनला मीटिंग संपली. ती नवी चादर घालत होती, तेवढ्यात यतिन आला.

"काय रे?"

"काही नाही. चार्जर."

"गादीखाली?"

"सरकतो कधीकधी."

तिने गादी उचलून दाखवली. नुसती फळी. यतिनचा चेहरा त्याच फळीच्या रंगाचा झाला.

"नाहीये चार्जर," ती म्हणाली.

"हो. नाहीये."

मग त्याने तो चार्जर सोफ्याखाली शोधला, बुटांच्या कपाटात शोधला, पिवळ्या झाकणाच्या रद्दीच्या बिनमध्ये कमरेपर्यंत वाकून शोधला. "आज बिनची गाडी येऊन गेली का गं?" त्याने विचारलं. सकाळीच गेली म्हटल्यावर तो थंडीत पायरीवर जाऊन बसला. ऋतिकाला खिडकीतून त्याची पाठ दिसत होती, आणि तिला भयंकर वाईट वाटत होतं.

रात्री भरीत त्याच्या घशाखाली उतरेना. "ऋतू, मी एक पेपर मागवला होता. तुला न सांगता."

चिन्मयीचा चमचा तोंडातच राहिला.

"माहितीये," ऋतिका म्हणाली. "मी तो धुतला."

"काय केलास?"

"धुतला. अमेरिकेहून आलेला, कुणाकुणाचे हात लागलेले. केळी धुते, चिप्सची पाकिटं धुते, त्याला बरा सोडेन!"

"सतराशे अठ्ठ्याण्णवचा पेपर? पाण्याने? वेडी आहेस का गं तू?"

"आणि लेकीच्या गादीखाली पेपर लपवणारा शहाणा का?"

यतिनने डोकं धरलं. मावशीला कळलं तर हसून हसून पडेल, ऋतिकाला वाटलं. हातकागदवाल्यांची भाची, आणि घरात नाव पडलं पेपर धुणारी वेडी. तेवढ्यात टेबलाखाली एक गार, इवलंसं पाऊल हळूच तिच्या पावलावर येऊन बसलं.

शनिवारपर्यंत पेपर वाळला. तपकिरी रंग जाऊन सायीसारखा झाला होता. घड्या पार गेलेल्या. स्क्रीनवरच्या चौकटींमधून सात-आठ म्हातारे पुढे वाकले.

"हे कोणत्या तज्ज्ञाकडून करून घेतलंत?" पांढऱ्या मिशीवाल्याने इंग्लिशमध्ये विचारलं.

यतिनने घसा खाकरला. "माय वाइफ."

"ती बाहेरची कामं घेते का?"

"फक्त गार पाणी," ऋतिका कॅमेऱ्याबाहेरून ओरडली, "आणि बाळाचं दुपटं!" सगळ्यांनी ते गंभीरपणे लिहून घेतलं.

"बघितलंस?" बैठक संपल्यावर यतिन छाती फुगवून म्हणाला. "फक्त का धुतलास ते त्यांना कधी सांगू नकोस हं."

"नाही सांगणार," ऋतिका म्हणाली.

तो पहिल्या पानावरच्या शिव्या मोठ्याने वाचू लागला. चिन्मयी आईच्या मांडीवर चढली, दुसरा ताव उलटा पडला होता त्याच्यावर वाकली. त्या छोट्या चित्रावर तिने बोट धरलं, न लावता, शिकवल्यासारखं.

"हू इज शी?"

"एक आई आहे. मुलीला घेऊन पळून चाललीये."

"व्हाय?"

"एक माणूस म्हणायचा, या दोघी माझ्या मालकीच्या आहेत. म्हणून त्या लपल्यात. आणि तो पेपरमध्ये विचारतोय, त्या कुणाला दिसल्या का."

चिन्मयीने बाबांकडे बघितलं. मग फ्रिजवरच्या सर्टिफिकेटकडे. मग आईचा कान धरून आपल्या तोंडाशी ओढला आणि मराठीत कुजबुजली,

"मग कोणी सांगितलं का, आई?"