भट्टीतलं दंतमंजन

सोनारबाबांची लेक सोन्यावरच काम करायची, पण दुकानात नव्हे, प्रयोगशाळेत. हे काही बाबांच्या घशाखाली उतरत नव्हतं. शेवटी दोघांत ठरलं: प्रयोगशाळेतल्या सरांसमोरची चाचणी फसली, तर तिनं मुकाट्यानं दुकानात बसायचं.

चाचणीच्या दिवशी बाबा सकाळीच हजर झाले. बशीतली गुलाबी भुकटी बघून म्हणाले, "हे सोनं? दंतमंजन दिसतंय."

"सोनं अगदी बारीक केलं की असंच दिसतं. सिलिकाच्या भुकटीला भोकं असतात ना, त्यांत एकेक दाणा बसवलाय. दाणे गोळा झाले की सोनं ऐदी होतं."

"आणि कामाला लागलं की काय करतं?"

"बाटलीतल्या या द्रवाला ऑक्सिजन देतं, पण बेतानं. बदामाचा वास आला की जिंकलो. त्यापुढं गेलं की आम्ल, आणि सगळं मुसळ केरात."

तिनं भुकटी भट्टीत ठेवली, शेजारी तुलनेला बिनभोकांच्या भुकटीवर सोनं बसवलेली दुसरी बशीही ठेवली आणि ती सरांना आणायला गेली.

बाबांनी भट्टीवरचा आकडा पाहिला. तीनशे अंश! एवढ्यानं सोन्याला घामसुद्धा फुटायचा नाही. पोर फसली तर दुकानात येईल, हे मनात आलं नाही असं नाही. पण चारचौघांत तिचं हसं झालेलं त्यांना बघवलं नसतं. त्यांनी आच सातशेवर नेली.

लेक सरांना घेऊन आली तेव्हा भट्टी लाल झाली होती.

"बाबा! मुद्दाम केलंत?"

आज सोनाराचेच कान टोचले गेले होते. बाबांनी टोपी काढून हातात घेतली.

भट्टी निवल्यावर दार उघडलं. दाणे गोळा होऊन बिनभोकांची भुकटी मातकट पडली होती. तिची मात्र गुलाबीच्या गुलाबी. सरांनी चिमूटभर द्रवात टाकली, ऑक्सिजन सोडला. थोड्या वेळानं खोलीभर बदामाचा वास सुटला.

"इतकं तापवूनही दाणे जागेवर!" सर म्हणाले. "कुणाला सुचलं हे?"

लेकीनं बाबांकडे बोट दाखवलं. तिचे डोळे भरून आले होते. "तुम्हाला तर मी फसायला हवी होते ना?"

"दुकानात यायला हवी होतीस. फसायला नाही." बाबांनी टोपी डोक्यावर चढवली. "तिथं सोनं गोळा करायला मी आहे. तू इथंच बस. फक्त आच किती ठेवायची, ते मला विचारत जा."