ओसरीवर की घरात

कुसुमलतेने बटण दाबलं आणि पितांबर मास्तरांनी तोंडातली कडुनिंबाची काडी दाताखाली घट्ट धरली.

टेपरेकॉर्डर उपड्या पाटीवर ठेवला होता. दोन्ही चकत्या सावकाश फिरू लागल्या आणि आतून एक माणूस शुद्ध मराठीत सांगू लागला, की बाजारच्या दिवशी त्याचा बैल हरवला, त्याने सगळं रान धुंडाळलं आणि थकून घरी आला, तर बैल दारात उभा. ओट्यावर बसलेली माणसं माना पुढे काढून ऐकत होती. मास्तर त्यांच्यापासून लांब, सोडलेल्या गाडीच्या जुवाला टेकून बसले होते. बोलायचं नाही, एवढंच त्यांचं इथलं काम होतं. कारण पेटीतला आवाज त्यांचाच होता.

"कसा वाटतो हा माणूस?" कुसुमलतेने विचारलं.

"सायेब शे," मगन नावाचा एक शेतकरी म्हणाला. "जप्ती करनारा व्हई."

"शिकलेला वाटतो?"

"ते काय इचारस, ताई! बैल हारपना तरी कसा बोली ऱ्हायना देखा. जसा काय दुसरानाच बैल शे."

ओटा हसला. मास्तरांनी काडी दुसऱ्या गालात सरकवली.

"तुमच्याकडे आला, तर ओसरीवर बसवाल की घरात घ्याल?"

"ओसरीवर. नि एक मानूस बसाडसूत त्यानाजोडे. काय लिखी लेस ते देखाले."

कुसुमलतेने कागदावर खुणा केल्या आणि पट्टी पुढे नेली. आता दुसरा माणूस बोलू लागला. बैल तोच होता, रानही तेच. "मना बैल हारपी गया, भाऊ. बठ्ठं रान धुंडी काढं, पन बैल काय सापडना नही..." ऐकणाऱ्यांचे खांदे सैल पडले. म्हाताऱ्या पुनाने तर 'अरे अरे' करून जीभ चुकचुकवली.

"हाऊ आपलाच शे," तो म्हणाला.

"शिकलेला?"

"कशाना शिकेल! ढोरं राखनारा व्हई बिचारा."

"ओसरीवर की घरात?"

"घरमा, घरमा. पन बिडीनं बंडल पहिले लपाडी ठेवसू."

पुन्हा हशा झाला. मास्तरही हसले, पण ते कुणाला दिसलं नाही. सोनगीरच्या आसपासच्या प्रत्येक गावात हेच चाललं होतं. एकाला मान होता, पण उंबऱ्याच्या बाहेर. दुसऱ्याला ताटावर बसवत होते, पण त्याच्या शब्दाला कुणी अकलेचा म्हणत नव्हतं. दोघांचा गळा एकच आहे, हे त्या माणसांना माहीत नव्हतं, आणि तेच तर या अभ्यासाचं मर्म होतं. मास्तरांनी धोतराला चिकटलेली कुसळं एकेक करून काढली. उठताना गुडघे वाजले.

कुसुमलता जळगावच्या झुंबरलालशेठ धान्यवाल्यांची मुलगी. माणूस कसा बोलतो यावरून लोक त्याला काय समजतात, यावर पुण्याच्या विद्यापीठात तिचा प्रबंध चालला होता. "आमच्या दुकानात भाव मारवाडीत ठरतो, गिऱ्हाइकाला अहिराणीत सांगतात आणि पावती मराठीत फाडतात," ती म्हणायची. "लहानपणापासून हेच बघत आलेय, गुरुजी. मग दुसरं काय शिकणार?" दोन्ही बोली येणारा एकच माणूस तिला हवा होता. धुळ्याच्या शाळेत जन्मभर मराठी शिकवून नुकतेच निवृत्त झालेले पितांबर मास्तर तिला कुणीतरी सुचवले. अहिराणी येते ना, असं तिने विचारलं, तेव्हा मास्तर बराच वेळ चष्मा पुसत राहिले होते. "येत असावी," ते म्हणाले होते.

धुळ्याच्या एका कॉलेजच्या खोलीत, खिडक्यांना गोधड्या टांगून, आवाज भरले. शुद्ध मराठी एका दमात झाली. अहिराणीला सबंध सकाळ गेली. शब्द सगळे आठवत होते, पण ते पुस्तकातून वाचल्यासारखे बाहेर पडत. शेवटी कंटाळून मास्तरांनी डोळे मिटले आणि गोठ्यातल्या माणसाशी बोलावं तसं बोलून टाकलं. तो आवाज ऐकून ते स्वतःच दचकले. तांब्याभर पाणी प्यायले आणि पुन्हा ऐकवू नका म्हणाले.

त्यालाही कारण होतं. अकराव्या वर्षी ते धुळ्याच्या बोर्डिंगात गेले आणि पहिल्या सुटीत घरी आले, तेव्हा त्यांच्या आबांनी सगळ्या घराला समोर बसवून सांगितलं होतं, "याना संगे कोनी आपलं बोलानं नही. पोऱ्यानी जीभ बिघडी जाई." घराने ते पाळलं. आईने, थोरल्या भावाने, नवीनच लग्न होऊन आलेल्या वच्छलावहिनीने, सगळ्यांनी मोडकंतोडकं का होईना, पुस्तकी बोलायला घेतलं. आबांना स्वतःला मात्र शुद्ध बोलता येत नव्हतं. त्यामुळे ते मुलाशी बोलायचेच थांबले. सुटीत आलेल्या मुलाकडे लांबून बघायचे, मान हलवायचे आणि गोठ्यात जायचे.

आता आबा नव्हते, आई नव्हती, भाऊही गेला होता. त्या धाब्याच्या घरात वच्छलावहिनी आणि एक म्हैस, एवढंच उरलं होतं. धुळ्यात मुलाच्या दोन खोल्यांत मास्तरांचं अंथरूण नातीच्या अभ्यासाची जागा अडवत असे. कुणी काही बोलत नव्हतं. नात आपली पुस्तकं उचलून मुकाट्याने जिन्यात जाऊन बसे. गावाकडची मागची खोली रिकामी होती. 'वहिनी, मी इथे राहायला येऊ का,' एवढंच विचारायचं होतं. त्यासाठी मास्तर वर्षभरात अनेकदा गावी जाऊन आले. दर वेळी वहिनी लगबगीने शेजारून खुर्ची आणायची, ओसरीवर मांडायची, कपबशीत चहा द्यायची, "नाना, तुम्ही बसा, बसा," म्हणत राहायची, आणि मास्तर चहा पिऊन धुळ्याची बस धरायचे. पाहुण्याने खुर्चीत बसून घर कसं मागायचं?

"शेवटचं गाव झालं," कुसुमलता पेटीचं झाकण लावत म्हणाली. "आता बस कुठे मिळेल?"

"फाट्यावर. तिथून माझं गाव जवळ आहे. चहा घेऊ."

"तिथे आवाज ऐकवायचा नाही हं, गुरुजी. ओळखतील तुम्हाला."

"नाही, नाही. फक्त चहा."

पण वच्छलाबाईंनी पेटी पाहिली आणि त्यांना राहवेना. खुर्ची आली होती. त्या दिवशी पाहुणी होती, म्हणून दोन आल्या होत्या. कळण्याच्या, ज्वारी-उडदाच्या भाकरी बांधून देते, असं म्हणून त्यांनी चूल पेटवली होती, पीठ मळून ठेवलं होतं, आणि हात धुऊन त्या पुन्हा ओसरीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"रेडिओ आहे का हो, ताई? नाटक लागतं का यात?"

"बैल हरवतो, एवढंच नाटक आहे," कुसुमलता हसून म्हणाली. मग तिने मास्तरांकडे पाहिलं. "गंमत म्हणून लावू? मोजणीत नाही धरणार."

मास्तरांनी नाही म्हणायला तोंड उघडलं. तोवर चकत्या फिरू लागल्या होत्या.

शुद्ध मराठीतलं पहिलंच वाक्य ऐकून वच्छलाबाईंनी तोंडाला हात लावला. "अगं बाई! हे तर आमचे नाना! नाना, तुम्ही खुर्चीत पण आणि पेटीत पण?" हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "आणि बैल कधी होता हो तुमच्याकडे?"

कुसुमलतेलाही खेळ सुचला. "मग सांगा, असा माणूस आला तर ओसरीवर बसवाल की घरात घ्याल?"

"नानांना? ओसरीवरच की," वच्छलाबाई चटकन म्हणाल्या. "घरात धूर किती! त्यांचे पांढरे कपडे. मी खुर्ची आणते ना शेजारून."

मास्तर कपातल्या सायीकडे बघत राहिले.

पट्टीवर थोडी खरखर झाली आणि दुसरा आवाज सुरू झाला. "मना बैल हारपी गया, भाऊ..."

वच्छलाबाई पाहुणीची रिकामी कपबशी घ्यायला वाकल्या होत्या. त्या तशाच थांबल्या. मग कपबशी जागेवर राहिली, हात डोक्याकडे गेला, आणि केसांवरून कधीच घसरलेला पदर त्यांनी ओढून पार कपाळाखाली घेतला. नजर जमिनीला लागली. दारातून त्या बाजूला सरल्या, भिंतीशी अंग चोरून उभ्या राहिल्या आणि पाठ न दाखवता एकेक पाऊल मागे घेत आत गेल्या. सासरा अंगणात आल्यावर सून जाते तशा.

पेटीतला माणूस रानात बैल शोधत होता. कुसुमलतेने हलकेच बटण फिरवलं.

"माझी आई असंच करते," ती खालच्या आवाजात म्हणाली. "आमच्या दादाजींचा खोकला ऐकू आला तरी." मग तिने विचारलं, "तुमचे वडील?"

"पुष्कळ वर्षं झाली त्यांना जाऊन."

पेटी उचलून ती अंगणातल्या निंबाखाली जाऊन बसली आणि फाट्याकडे बघू लागली.

मास्तर खुर्चीतून उठले. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी आले. आत वच्छलाबाई चुलीपुढे पाठमोऱ्या बसून भाकरी थापत होत्या. पदर पुन्हा खांद्यावर आला होता. पांढऱ्या केसांचा लहानसा अंबाडा दिसत होता. हीच बाई नवी नवरी असताना त्यांना तव्यावरचा कुरकुरीत पापुद्रा चोरून द्यायची. मास्तरांनी डोळे मिटले. खोलीत गोधड्या टांगल्या होत्या त्या सकाळसारखे.

"वैनी," ते म्हणाले, "मागली खोलीमा मी ऱ्हावाले येऊ का?"

थापणारा हात थांबला. पिठाने भरलेल्या बोटांनीच पदर वर गेला. तव्यावर भाकरी होती, तरी वच्छलाबाई उठून उभ्या राहिल्या, तोंड भिंतीकडे केलं आणि सून सासऱ्याशी थेट न बोलता चुलीला सांगते तसं हळू म्हणाल्या,

"घर त्यासनंच शे. त्यासनी काय इचारानं?"

धुराने मास्तरांचे डोळे चुरचुरले. वर्षभर जे मागता आलं नव्हतं ते एका वाक्यात मिळालं होतं. त्यांनी एक पाय उंबऱ्याच्या आत टाकला. वच्छलाबाई आणखी भिंतीशी सरकल्या. पदराच्या काठावर पिठाची पाच बोटं उमटली होती. चेहरा दिसत नव्हता. मास्तरांच्या ध्यानात आलं, की आता या घरात ते येतील तेव्हा ही अशीच उभी राहील. पापुद्रा देणार नाही, 'नाना, बैल कधी होता हो' असं विचारून हसणारही नाही.

तव्यावर करपल्याचा वास आला.

त्यांनी पाय मागे घेतला आणि घसा खाकरला.

"वहिनी," ते वर्गात बोलत तसे म्हणाले, "आपली भाकरी करपते आहे."

पदर खाली आला. वच्छलाबाईंनी वळून पाहिलं, झटकन खाली बसून भाकरी उलटली आणि काळ्या पडलेल्या बाजूकडे बघत बसल्या. कान लाल झाले होते. मग त्या हसल्या, पण या वेळी तोंडाला हात लावला नाही.

"नाना, भ्याले मी," त्या म्हणाल्या. "अगदी त्यांचंच बोलणं. तोच खर्ज." तवा रिता करून त्यांनी दुसरी भाकरी टाकली. "या की राहायला. खुशाल या. घर तुमचं नाही का? मागची खोली सारवून ठेवते मी. कधीपासून म्हणायचं होतं, पण म्हटलं, तुम्ही शहरातले, तुम्हाला कसं म्हणावं."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला.

"पण एक सांगू का, नाना?" भाकरी फुगत होती. तिच्यावरची नजर त्यांनी काढली नाही. "इथे आलात म्हणजे तुम्ही आपलं मास्तरांचंच बोलत जा. या वयात पुन्हा सासऱ्यापुढे वावरायचं, माझ्यानं नाही व्हायचं. मान दुखते माझी पदर धरून."

"बरं," मास्तर म्हणाले.

वच्छलाबाईंनी गरम भाकरीचा पापुद्रा सोलला, त्यावर मीठ भुरभुरलं आणि बसल्या जागेवरून हात लांब केला. मास्तरांनी तो उंबऱ्याबाहेर उभ्याउभ्याच खाल्ला.

बस भरलेली होती. कुसुमलतेने पेटी मांडीवर घेतली होती आणि ती डोळे मिटून बसली होती. खिडकीतून सोनगीरचा किल्ला मागे पडला. मास्तरांच्या मांडीवर भाकरीचं फडकं अजून ऊन होतं.

कंडक्टर गर्दीतून वाट काढत जवळ आला. याच भागातला पोरसवदा माणूस होता. मास्तरांच्या पांढऱ्या केसांकडे बघून त्याने चिमटा वाजवला.

"कोठे जानं शे, आबा?"

मास्तरांनी तोंड उघडलं. मग मिटलं आणि दोन बोटं वर केली. बस धुळ्याच्या पुढे जात नव्हती. कंडक्टरने दोन तिकिटं फाडून दिली.