गवळणीत निखळलेला जबडा

कापडे गावच्या देवळात सप्ताह चालू होता. दुपारच्या भजनाला काशीराम स्वतः रचलेली गवळण म्हणत होता. कडवी एकूण अठरा. समोर त्याचा लहानपणापासूनचा दोस्त गोमाजी बसला होता. पोटात महाप्रसाद, पाठीला खांब. पाचव्या कडव्याला गोमाजीला जांभई आली. चांगली मोठी आली, आणि आली ती गेलीच नाही.

कानाजवळ खट् झालं, खालचा जबडा पुढे सरकला आणि तोंड सताड उघडं राहिलं. ओठ मिटेनात, शब्द फुटेना. गोमाजीने डोळे मोठे केले, हात हलवले. काशीरामला वाटलं, गडी रंगात आला! आजवर त्याची गवळण कोणी असं आ वासून ऐकली नव्हती. त्याने पाचवं कडवं पुन्हा घेतलं, मग उरलेली तेरा सावकाश म्हटली. गोमाजीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा तर काशीरामने आणखी वरचा सूर लावला.

शेवटी सदऱ्यावर लाळ ओघळली आणि ती गोमाजीच्या बायकोने, चंद्रभागाने, पाहिली.

"अगो बाय! परत निखळला ह्यांचा जबडा!"

हे तिसऱ्यांदा होतं. आधी एकदा वडापाव खाताना, एकदा बैलावर ओरडताना. दोन्ही वेळा पोलादपुरात जबडा बसवून मिळाला होता आणि दोन्ही वेळा महाडच्या सर्जनला दाखवा म्हणून सांगितलं होतं. एकदा बसला की गोमाजी ते विसरून जाई.

काशीरामने आपली प्रवासी मिनिडोर रिक्षा काढली. या वेळी तिघे थेट महाडला निघाले, पण पोलादपूरच्या नाक्यावर हात दिसला आणि सवयीने त्याने गाडी थांबवली. एक मास्तर चढले. समोर गोमाजीचं उघडं तोंड.

"काय झालं एवढं हसायला?"

"आ," गोमाजी म्हणाला.

"जांभई देताना अडकलंय तोंड," चंद्रभागा हळूच म्हणाली. काशीराम गाडी चालवत होता, त्याला इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही. मास्तरांना मात्र लगेच जांभई आली. महाड येईपर्यंत ते दोन्ही हातांनी स्वतःचा जबडा धरून बसले.

महाडला डॉक्टर श्रिया होत्या, जबड्याच्या सर्जन. त्यांनी अंगठ्यांना गॉज गुंडाळलं, खालच्या दाढांवर ठेवून जबडा खाली दाबला आणि मागे ढकलला. खट्! तोंड मिटलं.

"काका, काय करत होतात?"

गोमाजीने काशीरामकडे पाहिलं. "गवळण ऐकत होतो. तल्लीन झालो."

काशीरामची छाती फुगली.

डॉक्टरांनी समजावलं. कानापुढे हाडाचा एक उंचवटा असतो. जबडा त्याच्यापुढे घसरला की मागे येताना तिथेच अडकतो. तो उंचवटा तासला की अडकायला काही राहत नाही.

"तासणार? रंधा मारणार की काय?" गोमाजीने विचारलं.

"तसंच समजा. पण पूर्ण भूल देऊन."

पुढच्या आठवड्यात सकाळी गोमाजी हिरवा झगा घालून खाटेवर बसला होता. चंद्रभागा औषधं आणायला गेली होती. त्याने काशीरामचा हात धरला.

"काश्या, मी वाचलो नाय तर... मनात ठेवून जायचं नाय. मी तल्लीन नव्हतो. मला जांभई आली होती."

काशीरामने हात सोडवून घेतला. "कुठल्या कडव्याला?"

"पाचव्या."

"पाचवं तर सगळ्यात बेस हाय!"

तो तरातरा बाहेर गेला. तेवढ्यात नर्सने विचारलं, "पेशंटसोबत कोण आहे?" जिन्यापर्यंत पोचलेला काशीराम परत आला. "मीच. हाय कोण दुसरा त्याला?" म्हणाला आणि गोमाजीकडे पाठ करून स्ट्रेचरबरोबर थिएटरच्या दारापर्यंत चालत गेला.

दोन तासांनी डॉक्टर बाहेर आल्या. सगळं नीट झालं होतं. चंद्रभागाने डोळे पुसले.

"आता कितीही बोलले तरी अडकणार नाय ना?"

"नाही."

"मग थोडं कमी तासायचं होतं, डॉक्टर."

गोमाजीचे पहिले दिवस डोक्याभोवती पट्टी बांधून पेजेवर गेले. तोंड मोठं उघडायची बंदी, त्यामुळे बोलणंही जेमतेम. काशीराम पहिले दोन दिवस फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी आला आणि पाचवं कडवं काढून टाकलं म्हणाला. त्या जागी दोन नवी घातली होती.

दीड महिन्याने डॉक्टरांनी साधं जेवण सुरू करायला सांगितलं. चंद्रभागाने तांदळाची भाकरी केली, सुकटीचं कालवण केलं. गोमाजीने पहिला घास घेतला, हळूहळू चावला, गिळला. ती दाराशी उभी राहून बघत होती.

"मीठ कमी हाय गो," तो म्हणाला.

"मीठ बरोबर हाय!"

मग दोघं असे भांडले की वरच्या आळीतली माणसं अंगणात येऊन उभी राहिली. अर्धा तास झाला. जबडा जागचा हलला नाही.