उन्हातली पाटी

रेवदंड्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यात बायकांचा एक रिवाज होता. कुणाची मासळीची पाटी उन्हात एकटी दिसली, की जिची नजर आधी पडेल तिनं ती सावलीत ओढायची, शेजारी ठेवून राखायची आणि मालकीण परतली की तिच्या डोक्यावरच्या चुंबळीवर चढवून द्यायची. पाटी कुणाची हे बघायचं नाही. हाडवैर असलेल्या जावासुद्धा एकमेकींच्या पाट्या राखत, आणि राखता राखता एकमेकींचा उद्धार करत. मासळीला उन्हात चिंबून नासायला वेळ लागत नाही, तिला कुणाच्या भांडणाशी काय देणंघेणं? पुरुष कावडीनं ओझं वाहत, त्यामुळे त्यांचा यात कधी संबंध आला नाही.

हिरामणची केसर या बाबतीत सगळ्यांच्या चार पावलं पुढे. नात्याची ना गोत्याची अशा बाईची पाटी राखायला बसायची आणि घरी चूल थंड. हिरामण करवादला की म्हणायची, उद्या माझी पाटी उन्हात राहिली तर तू धावणार हायस का? सुके बोंबील घेऊन ती आगबोटीनं मुंबईला जाई. बोट लागते म्हणून गालात चिंचेचं बुटूक धरून बसे, आणि तरीही अख्ख्या प्रवासात तिचं तोंड बंद नसे. अशी साधीसुधी, बडबडी बाई.

तीस सालच्या हिवाळ्यात मुंबईत एका पोलीस चौकीपाशी बाँब फुटला. तो होता एका गोऱ्या साहेबाच्या मोटारीसाठी. साहेबाला खरचटलंसुद्धा नाही. केसर गेली. पोलिसांनी तिला परस्पर अग्नी दिला आणि चार दिवसांनी पोचलेल्या हिरामणच्या हातात तिची चुंबळ तेवढी ठेवली.

पुढे खटल्यात एका घोडागाडीवाल्यानं साक्ष दिली, की त्या कोळणीनं बाँब असलेलं सामान चौकीपासून ओढत लांब नेलं होतं. वर्तमानपत्रांनी छापलं, एका बाईमुळे साहेब वाचला. वाड्यापर्यंत पोचलं ते एवढंच. ज्यांनी बाँब ठेवला ते देशासाठी तुरुंगात गेले, शिमग्याला त्यांची गाणी झाली. आणि केसरबद्दल लोक हळू आवाजात बोलू लागले. सरकारची बाई होती म्हणे. नाहीतर नेमका बाँबलाच हात कसा लागतो?

हिरामणला कुणी तोंडावर काही बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं, दोन हात तरी करता आले असते. वाड्यानं त्याला नुसतं सोडून दिलं. मासळीत त्याचा वाटा चोख मिळे, पण वाटा देणारा माणूस दोन घटका टेकत नसे. नारळी पुनवेला सगळ्यांची हाक सगळ्यांना जाई, त्याच्या दारावरून ती मुकाट पुढे सरके. ज्या सोनाबाईच्या बांबू-दोऱ्यांच्या वलांडीला लागून केसरची वलांडी, तीही बोंबील वाळत घालताना त्याच्याकडे पाठ करी. तो एकटाच केसरच्या जागी उभा राहून, बायकांचं काम म्हणून लोक हसतील याची पर्वा न करता, बोंबलाच्या तोंडात तोंड अडकवून जोड्या दोरीवर टाकत राही. त्याच्या डोळ्यांपुढे अंधार होता तो एवढ्याचसाठी, की त्याला स्वतःलाही ठाऊक नव्हतं. ती का गेली त्या सामानाजवळ? कधी कधी त्याला तिचा भयंकर राग येई. कशाला मरायला हात लावलास, म्हणून तो घरात भिंतीशी बोले, आणि मग त्याचं त्यालाच रडू येई.

सात वर्षांनी नवं मंत्रिमंडळ आलं, कैदी सुटले. त्या कटातला दिनानाथ नावाचा मनुष्य गावोगाव सत्कार घेत वाड्यावर येणार, असं शिवदास पाटलांनी सांगितलं. सभा वाळवणाच्या माळावर, भेंडीच्या डेरेदार झाडाखाली. हिरामणनं ठरवलं, या माणसाला विचारायचं. माझ्या बायकोला ठाऊक होतं का? एवढंच. उत्तर काहीही येवो.

त्या दुपारी तो केसरच्या जुन्या पाटीत ओले बोंबील घालून, ती काखेत धरून माळावर आला, तर सभा सुरूही झाली होती. पाटी तिथंच वाटेवर उन्हात टेकवून तो घाईनं पुरुषांच्या मागे जाऊन उभा राहिला.

दिनानाथ चाळिशीचा, वाळलेला, केस पिकलेले. बोलायला लागला तसा आवाज मोठा झाला. तुरुंगाचं सांगितलं, खडी फोडल्याचं सांगितलं. मग म्हणाला, "तुमच्या वाड्याचे तर आमच्यावर उपकार आहेत. बाँबचा डबा ठेवायचा कशात, हा पेच होता. शेवटी बाजारातून कोळणीची एक पाटी आणली, वर ओलं गोणपाट टाकलं आणि चौकीसमोर उन्हात ठेवून दिली. म्हटलं, मासळीच्या वासाच्या पाटीला कोण हात लावतोय?"

पुरुष हसले. पुढे टाळ्याही पडल्या. झाडाखाली बसलेल्या बायकांत मात्र एकदम सामसूम झाली.

हिरामणनं तिकडे पाहिलं. सोनाबाई झाडाच्या बुंध्याशी बसली होती आणि तिच्या गुडघ्याला टेकून केसरची पाटी होती. वाटेवरून तिनं ती कधी ओढून आणली, तिचं तिलाही कळलं नसेल. तिचा हात अजून काठावर होता.

हिरामणला विचारायचं होतं ते विचारायची गरजच उरली नाही. पण तो पुढे गेला.

"दादा," तो म्हणाला, "त्या बाईला इचारा, ती कोनाची पाटी धरून बसलीय."

दिनानाथला कळेना. त्यानं सोनाबाईकडे पाहिलं. सोनाबाईनं पाटीकडे पाहिलं आणि काठावरचा हात मागे घेतला.

"मना काय ठाव कोनाची," ती म्हणाली. "उनात व्हती."

"माज्या बायकोनं बी येवढंच केलं," हिरामण म्हणाला.

दिनानाथच्या गळ्यात झेंडूचा हार होता. त्यानं तो काढला, पण ठेवायचा कुठे ते न सुचून हातातच धरून उभा राहिला. मग त्यानं विचारलं, "त्यांचं नाव काय होतं?"

नाव सांगितलं ते सोनाबाईनं.

"केसर," ती मोठ्यानं म्हणाली, आणि रडू लागली.

सात वर्षांत दुसऱ्याच्या तोंडून ते नाव हिरामणनं पहिल्यांदा ऐकलं. तो झाडाखाली गेला. त्यानं कमरेची चुंबळ सोडली, मुंबईहून आणलेली तीच, आणि आपल्या डोक्यावर ठेवून सोनाबाईपुढे वाकला. पुरुषानं डोक्यावर पाटी घेतलेली वाड्यात कुणी पाहिली नव्हती. सोनाबाईनं पदरानं डोळे पुसले, दोन्ही हातांनी पाटी उचलली आणि केसरच्या डोक्यावर चढवावी तशी बेतानं त्याच्या डोक्यावर चढवली.

सभेनं वाट दिली. बोंबलाचं पाणी मानेवरून निथळत होतं, तसाच तो केसरच्या वलांडीकडे निघाला. जोड्या अडकवायला आज सोनाबाई त्याच्या मागोमाग आली.