आई मावेल एवढी गाडी

गाडी बघायला निघताना सुताराने बरोबर फळी घेतली, याचं त्याच्या बायकोला नवल वाटलं नाही. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर तिने नवल करणं सोडून दिलं होतं. जुन्या गाड्यांच्या आवारातला दलाल मात्र बघत राहिला. लोक गाडी बघायला ओळखीचा मेकॅनिक आणतात, नाहीतर एखादा शहाणा मेहुणा आणतात. हा माणूस डोक्यावर प्लायवूडची लांबलचक फळी घेऊन फाटकातून आत आला आणि म्हणाला, "मागे लांब जागा असते ती इस्टेट गाडी दाखवा. मागची सीट पाडली की ही आत सपाट गेली पाहिजे आणि वर दारही लागलं पाहिजे."

"दुकानासाठी का?"

"आईसाठी."

दलालाने तोंडातली काडी या गालातून त्या गालात सरकवली.

सुताराची आई काही वर्षांपासून उताणी पडून होती. पाठीचे मणके एकापाठोपाठ एक बसत गेले होते आणि डॉक्टरांनी तिला बसायची साफ बंदी केली होती. तोंड मात्र शाबूत होतं आणि ते सगळ्यांना पुरून उरायचं. अँब्युलन्स सांगू म्हटलं की ती म्हणायची, "त्या गाडीत मी एकदाच चढणार, आणि तेव्हा मला विचारायची गरज पडणार नाही." टेम्पोत टाकून नेलं तर वाटेतल्या खड्ड्यांनी उरलेसुरले मणकेही गेले असते.

आणि तिला न्यायचं तर होतंच. डोंगरापलीकडच्या शहरात एका जुन्या ग्रंथालयाच्या सभागृहाचं लाकडी छत सुताराने केलं होतं. पुरी दोन वर्षं त्याने त्यावर घालवली होती. नंतर त्याने दारं केली, कपाटं केली, लोकांचे कुरकुरणारे पलंग दुरुस्त केले, पण तसं काम त्याच्या हातून पुन्हा झालं नाही, हे त्याला माहीत होतं. आईने ते पाहिलं नव्हतं. छत पुरं झालं त्याच हिवाळ्यात ती अंथरुणाला खिळली. आता निरोप आला होता की महिनाअखेरीस त्या छताखाली पांढऱ्या चौकोनांचं फॉल्स सीलिंग बसणार. एसीची गार हवा वर जाऊन फुकट जाते म्हणे.

तर गाडी हवी होती, आणि महिना संपायच्या आत हवी होती. गाठीशी होतं तेवढ्यात दोनच तऱ्हेच्या गाड्या मिळत होत्या: चालत नाहीत अशा, आणि चालतात पण कशाच्या जोरावर ते कोणी सांगू शकत नाही अशा.

दलालाने एक हिरवी गाडी दाखवली. रंग उडालेला, एका दारावर खोक पडलेली, आणि आत कुत्र्याचा वास असा की जणू कुत्रं अजून कुठेतरी सीटखाली बसलंय. सुताराला गाडी चालवता येत नव्हती. इंजिनाचं खातं बायकोकडे होतं, कारण ती शाळेची बस चालवायची. तिने ऑइलची पट्टी ओढून पाहिली, गाडी सुरू करून मागे जाऊन धुराचा रंग पाहिला, टायरवरून हात फिरवला, मागची चटई उचलून पत्रा ठोकून पाहिला. मग हळूच नवऱ्याच्या कानाशी येऊन म्हणाली, "अहो, ही सोडू नका. दिसायला ध्यान आहे, पण आतून खणखणीत आहे."

सुताराने फळी आत सरकवली. चार बोटं बाहेर राहिली. त्याने ती काढली, उलटी करून पुन्हा घातली. तरी चार बोटं बाहेरच.

"तिरकी घाला की," दलाल म्हणाला.

"आई तिरकी झोपत नाही."

"पाय जरा दुमडले तर?"

"जमणार नाही," सुतार म्हणाला आणि फळी पुन्हा डोक्यावर घेतली. बायको वळूनवळून त्या हिरव्या ध्यानाकडे बघत बाहेर पडली.

फळीचं माप चुकायचा प्रश्नच नव्हता. त्यांच्या घरात टेपचा आकडा कोणी वाचत नसे. वडिलांपासूनची रीत होती: पट्टी वस्तूला लावायची, पेन्सिलीने खूण करायची आणि त्या खुणेवर कापायचं. आकडा लिहिताना माणूस चुकतो, खूण चुकत नाही. स्वयंपाकघराच्या चौकटीवर घरातल्या सगळ्यांच्या उंचीच्या खुणा होत्या आणि सगळ्यांत वरची आईची होती. सुताराने फळी चौकटीला उभी लावली आणि त्या खुणेवर कापली. आई जवळच पडलेली असताना तिच्याच अंगाला टेप का लावली नाही, असं कोणीही विचारेल. पण पडलेल्या माणसाचं माप सुतार एकाच कामासाठी घेतो. शवपेटीच्या. जित्या माणसाचं तसं माप घ्यायचं नाही, हा वडिलांचा दंडक होता, आणि तो मोडायची सुताराची हिंमत नव्हती.

शिवाय आईची उंची ही काय मोजायची गोष्ट होती? इस्पितळाच्या धुलाईघरात ती स्टूल न घेता सगळ्यांत वरच्या दोरीवर चादरी वाळत घालायची. तिथले लोक तिला 'शिडी' म्हणायचे. लहानपणी सुतार मान वर करायचा तेव्हा आधी आईची हनुवटी दिसायची आणि मग छत. एवढ्या उंचावर माणसाला काय काय दिसत असेल, या विचाराने तो दिपून जायचा. छताचं वेड त्याला कदाचित तिथूनच लागलं असावं.

पुढचा सगळा आठवडा ते फळी घेऊन गावभर हिंडले. एका पांढऱ्या गाडीत फळी गेली, पण स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी साचलेलं होतं आणि बायकोचा अंगठा गंजलेल्या पत्र्यातून थेट खाली जमिनीकडे निघाला. एका चंदेरी गाडीत फळी गेली आणि वर वीतभर जागा उरली. तिची किंमत ऐकून बायको म्हणाली, "ही घेतली तर आईंना आत निजवून आपण दोघं मागून ढकलत नेऊ. पेट्रोलला दमडी उरणार नाही."

"रंध्याचं मशीन विकतो," सुतार म्हणाला.

मशीन गेलं तर पोटाचं काय, हे बायकोला विचारायचं होतं, पण त्याचा चेहरा पाहून तिने विचारलं नाही. मशीन बघायला दुसऱ्या दिवशी माणूस येणार होता.

त्याच दुपारी सुतार फळी घेऊन घरी आला. ती आईच्या खोलीतून मागच्या दाराकडे नेताना आई म्हणाली, "गावभर मिरवताय ती माझीच फळी ना? मला तरी दाखव. लाव इथे शेजारी."

त्याने फळी पलंगाच्या कडेला टेकवली. वरचं टोक आईच्या डोक्याशी जुळवलं आणि पायांकडे पाहिलं. टाचा संपल्या होत्या आणि फळी पुढे चालूच होती. चांगली सहा बोटं.

"आई, गुडघे सरळ कर."

"सरळच आहेत."

त्याने चादर बाजूला केली. गुडघे सरळ होते. तो फळी उचलून स्वयंपाकघरात गेला आणि चौकटीला लावली. टोक खुणेला केसाचाही फरक न ठेवता भिडलं. तो परत आला, फळी पुन्हा शेजारी लावली, आणि मग नुसताच उभा राहिला. एवढी वर्षं तो रोज तिची उशी सारखी करत होता, पाय चेपत होता, आणि त्याच्या मनात मात्र ती त्या खुणेएवढीच उंच उभी होती.

"काय झालं रे?"

"आई, तू... कमी झालीस."

"एवढंच ना? लाकूड वाळलं की आखडतं. तुला मी शिकवायचं का?"

"लांबीला नाही आखडत," तो कसाबसा म्हणाला. "रुंदीला आखडतं."

"मग मी लाकूड नाही, झालं. सुटले."

ती खो खो हसली आणि हसताना पाठीत कळ आली म्हणून चेहरा आवळून थांबली. सुताराला हसू आलं नाही. त्याने त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा आईकडे वरून पाहिलं आणि त्याला रडू कोसळलं.

बायको दारात उभी होती. तिने सगळं पाहिलं होतं, आणि तिचा हिशेब दोघांच्याही पुढे गेला होता. ती सरळ फोनकडे गेली. हिरवी गाडी तशीच उभी होती. दलाल म्हणाला, "तुमच्या फळीनंतर तिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही, वहिनी. कुत्र्याच्या वासाचे थोडे कमी करतो."

मशीन वाचलं. पण फळी कापायची होती. सुताराने खूण केली, करवत लावली आणि हात थांबला. त्याने आयुष्यात हजारो फळ्या कापल्या होत्या. बायकोने फळीचं दुसरं टोक घट्ट धरलं आणि म्हणाली, "कापा." आतून आई ओरडली, "आणि तो तुकडा फेकू नका! माझा आहे तो."

निघाले तेव्हा सकाळ होती. फळीवर गादी, गादीवर आई, डोकं पुढच्या सीटांकडे आणि पाय मागच्या काचेकडे. मागचं दार खटकन लागलं आणि सुताराच्या जिवात जीव आला. बायकोने गाडी शाळेची पोरं बसलीत अशा बेताने हाकली. घाट लागला तशी आईची बडबड एकाएकी थांबली. सुताराने घाबरून मागे वळून पाहिलं. ती काचेतून वर बघत होती. झाडांचे शेंडे तिच्या डोळ्यांवरून सरकत होते, तारा खाली-वर होत होत्या, आणि त्या सगळ्याच्या वर ढगांचा एक प्रचंड पांढरा डोंगर अजिबात न हलता उभा होता.

"हे एवढे मोठे असतात?" तिने विचारलं. "मी उभी असताना कधी पाहिलंच नाही. सगळा वेळ चादरी बघण्यात गेला."

सभागृहात फॉल्स सीलिंगचे पाइप आधीच येऊन पडले होते. नवराबायकोने आईसकट फळी उचलून नेली आणि मधोमध जमिनीवर ठेवली. वाचणाऱ्यांनी पुस्तकांतून माना वर काढल्या. ग्रंथपालबाई लगबगीने काही बोलायला आल्या आणि आईचा चेहरा पाहून त्याही वर बघायला लागल्या.

वर लाकडाच्या पाकळ्या होत्या. कडेला रुंद, मध्याकडे जाताना बारीक होत गेलेल्या, एकीच्या कुशीतून दुसरी निघालेली, आणि उंच खिडक्यांतला उजेड त्यांच्या कडांवर चढत होता. आई बघत राहिली. इतका वेळ बघत राहिली की सुताराला परीक्षेच्या निकालासारखी धडकी भरली.

"हे इथे खाली उभा राहून केलंस?"

"नाही. वर फळ्या बांधून. उताणं पडून."

"दोन वर्षं?"

"दोन वर्षं."

"मग तू तरी कुठे पाहिलंस? नाकाला नाक लावून कधी काही दिसतं का? ये, पड इथे."

"आई, लोक आहेत."

"लोकांना छत बघू दे. पड."

तो तिच्या शेजारी फरशीवर आडवा झाला. तिने चाचपडत उशाचा तो कापलेला तुकडा काढला आणि त्याच्याकडे सरकवला. "डोक्याखाली घे. फरशी टोचेल."

त्याने घेतला आणि वर पाहिलं. काम करताना त्याला एक पाकळी दिसायची, एक सांधा, एक खिळा. उभं राहून पाहिलं की मान दुखायची. हे अख्खं असं त्याने कधीच पाहिलं नव्हतं. ते आपल्या हातांनी केलंय यावर त्याचा विश्वास बसेना. श्वास घ्यायचं तो विसरला, आणि मग शेजारच्या आईच्या श्वासाबरोबर पुन्हा घ्यायला लागला.

"हे झाकणार म्हणे," तो बऱ्याच वेळाने म्हणाला.

"झाकू दे," आई म्हणाली. तिने वरची नजर काढली नव्हती. "घरी एवढी वर्षं नुसता चुना बघतेय मी. आता त्यावर हे दिसेल."